माहीत असतं, पण होत नाही : मोठेपणीचा एडीएचडी ओळखायचा कसा, सांभाळायचा कसा

वीजबिलाची शेवटची तारीख ठाऊक असते. खात्यात पैसे असतात, मोबाइल हातातच असतो, भरायला दोन मिनिटं लागतात हेही माहीत असतं. तरी तारीख उलटते आणि चौथ्या दिवशी रात्री साडेअकराला, दिवा मालवल्यावर, आठवण होते. असं कधीमधी कुणाचंही होतं. पण लहानपणापासून, घरी आणि बाहेर, बहुतेक बाबतींत असंच होत आलं असेल आणि त्यापायी नोकरी, पैसा, नाती यांना सतत फटका बसत असेल, तर 'धांदरट आहे झालं' म्हणून विषय सोडून देऊ नये.

एडीएचडी या विकाराचं मराठी नाव भारदस्त आहे : अवधान न्यूनता व अतिचंचलता विकार. त्यातला 'न्यूनता' हा शब्द मात्र दिशाभूल करतो. लक्ष कमी नसतं, ते हुकमी नसतं. हीच माणसं आवडीच्या कामात जेवणखाण विसरून चार-चार तास बसतात, म्हणून तर घरचे टोमणा मारतात, 'मोबाइलमध्ये बरं लक्ष लागतं!' जे महत्त्वाचं आहे त्यापेक्षा जे रंजक आहे, नवं आहे किंवा अगदी अंगाशी आलं आहे, तेच या मेंदूला खेचून घेतं. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात. इथं तहान लागल्याशिवाय कुदळच उचलली जात नाही.

१९८० साली अमेरिकी निदानसूचीत 'एडीडी' हे नाव आलं आणि १९८७ मध्ये त्याचं 'एडीएचडी' झालं. आजही कुणी एडीडी म्हणालं तर सहसा चंचलपणा न दिसणारा, नुसता विसराळू-हरवलेला प्रकार अभिप्रेत असतो. प्रौढांमध्ये याचं प्रमाण साधारण अडीच टक्के धरलं जातं. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात आहे. म्हणूनच अनेकदा आधी मुलाचं निदान होतं आणि डॉक्टरांचे प्रश्न ऐकताना आई किंवा वडील चमकतात : हे तर आपलंच वर्णन!

आधी पुरावा गोळा करा

थेट डॉक्टरांकडे जाऊन 'मला लक्ष लागत नाही' एवढंच सांगितलं, तर वीस मिनिटांच्या भेटीत फारसं हाती लागत नाही. त्याआधी एक-दोन आठवडे तयारी करा.

जागतिक आरोग्य संघटनेची 'एएसआरएस' ही १८ प्रश्नांची चाचणी फुकट मिळते. तिचे पहिले ६ प्रश्न चाळणीचे. त्यांतल्या पहिल्या तिनांना 'कधीकधी' किंवा त्याहून जास्त आणि पुढच्या तिनांना 'बऱ्याचदा' किंवा त्याहून जास्त, अशी उत्तरं मोजायची. ६ पैकी ४ किंवा अधिक ठिकाणी तसं उत्तर आलं तर पुढची तपासणी करून घेण्यासारखी आहे. एवढाच त्याचा अर्थ. चाळणीत अडकलेला प्रत्येक खडा एडीएचडीचा नसतो.

दुसरा पुरावा माळ्यावरच्या ट्रंकेत असतो : जुनी प्रगतिपुस्तकं. त्याच अमेरिकी निदानसूचीच्या २०१३ पासूनच्या निकषांनुसार काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली असावी लागतात. 'हुशार आहे, पण अभ्यासात सातत्य नाही', 'वर्गात लक्ष नसते', 'फार बडबड करते' हे शेरे इथं सोन्याच्या मोलाचे. प्रगतिपुस्तकं रद्दीत गेली असतील तर आई, मोठी बहीण, मामा यांना विचारा. 'मी कसा होतो?' असं मोघम विचारू नका. नेमकं विचारा : डबा, छत्री, कंपासपेटी किती वेळा हरवायची? गृहपाठाला कुणाला शेजारी बसावं लागायचं का?

तिसरी गोष्ट म्हणजे गेल्या वर्षभरातलं नुकसान कागदावर लिहा. उशिराचे दंड, हुकलेल्या गाड्या, अर्धवट सोडलेले कोर्स, नोकरीतले लेखी मेमो, गाडीला लागलेले ओरखडे. निदानासाठी ९ अवधानाच्या किंवा ९ चंचलतेच्या लक्षणांपैकी एका गटातली किमान ५ लागतात (१७ वर्षांखालच्या मुलांना ६), ती किमान ६ महिने आणि दोन वा जास्त ठिकाणी दिसायला हवीत. फक्त ऑफिसात लक्ष उडत असेल आणि बाकी सगळं सुरळीत असेल, तर कदाचित ते काम किंवा तो साहेबच कारण असेल.

मोठेपणी चंचलता बाहेरून दिसेलच असं नाही. खुर्चीवरून उठून पळणारं पोर मोठं होऊन मीटिंगमध्ये पाय हलवत बसतं, समोरच्याचं वाक्य तोडतं, सिग्नलला ६० सेकंद थांबणं त्याला असह्य होतं. अनेकांना फक्त आतून मोटार चालू असल्यासारखं वाटतं.

एडीएचडीसारखं दिसणारं बाकीचं

थायरॉइड, रक्तक्षय, बी-१२ ची कमतरता, झोपेतला श्वासावरोध (मोठ्याने घोरणं आणि दिवसा पेंग), नैराश्य, चिंताविकार, दारू किंवा गांजा, आणि सरळसरळ पाच तासांची झोप. या सगळ्यांनी लक्ष उडतं. फरक सापडतो तो सुरुवात कधी झाली यात. हे सगळं तिशीत किंवा बाळंतपणानंतर सुरू झालं असेल तर आधी वरच्या गोष्टी तपासा. लहानपणापासूनच असेल तर एडीएचडीची शक्यता वाढते. गोम अशी, की दोन्ही एकत्रही असतात. वर्षानुवर्षं 'आळशी' हे ऐकून घेतलेल्या माणसाला चिंता आणि नैराश्य जडलेलं असणं अजिबात विरळा नाही.

बायकांचं निदान जास्त हुकतं. मुलगी वर्गात दंगा करत नाही, खिडकीबाहेर बघत बसते. तिच्याबद्दल तक्रार येत नाही. पुढे लग्नानंतर घरातल्या सगळ्यांची आठवण ठेवायचं काम तिच्याच गळ्यात पडतं : सासऱ्यांच्या गोळ्या, मुलांचे प्रोजेक्ट, दूधवाल्याचा हिशेब, चैत्रातल्या हळदीकुंकवाची यादी. तोवर कसंबसं तोललेलं सगळं इथं कोसळतं. रजोनिवृत्तीच्या आसपास लक्षणं आणखी वाढल्याचंही अनेक जणी सांगतात.

कुणाकडे जायचं

निदान आणि औषध मानसोपचारतज्ज्ञ करतात, म्हणजे मनोविकारशास्त्रात एम.डी. किंवा डी.पी.एम. झालेले डॉक्टर. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि थेरपी करतात, औषध लिहीत नाहीत. फी परवडत नसेल तर वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेल्या रुग्णालयांत मनोविकार विभागाची ओपीडी असते : मुंबईत केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून. वेळ ठरवताना फोनवरच विचारा, 'प्रौढांचा एडीएचडी बघता का?' काही जण अजूनही हा फक्त मुलांचा आजार मानतात, आणि तिथं घालवलेली सकाळ परत मिळत नाही.

निदान सविस्तर मुलाखतीवर होतं. एकापेक्षा जास्त भेटी लागल्या तर ते चांगलं लक्षण समजा. बरोबर जोडीदार किंवा भावंड न्या. मेंदूचा स्कॅन, ईईजी किंवा रक्ततपासणी यांनी एडीएचडी सिद्ध होत नाही. त्या केल्या तर दुसरं काही नाही ना, हे पाहायला. संगणकावरची लक्षचाचणी पूरक असते, एकटी निर्णय देऊ शकत नाही. पहिल्या पाच मिनिटांत 'आहे' किंवा 'नाही' ठोकून देणाऱ्या डॉक्टरांबद्दल, उत्तर कुठलंही असो, दुसरं मत घ्या.

औषधांबद्दल नेमकं

भारतात मुख्यतः दोन औषधं वापरात आहेत. मिथिलफेनिडेट त्याच दिवशी काम करतं. साधी गोळी ३ ते ४ तास टिकते, लांब पल्ल्याची ८ ते १२ तास. डॉक्टर सहसा ५ मि.ग्रॅ. दिवसातून २-३ वेळा किंवा सकाळी एक १८ मि.ग्रॅ.ची लांब पल्ल्याची गोळी देऊन सुरुवात करतात आणि आठवड्या-आठवड्याने वाढवतात. ॲटोमॉक्सेटिनचं वेगळं आहे. प्रौढांना बहुधा ४० मि.ग्रॅ.वर सुरू करून ८० पर्यंत नेतात, आणि परिणाम जाणवायला ४ ते ६ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. दहाव्या दिवशी 'काहीच होत नाही' म्हणून ते सोडणारे पुष्कळ. परदेशी व्हिडिओंमध्ये ऐकू येणारी ॲम्फेटामिन गटातली औषधं इथं मिळत नाहीत, त्यांच्या शोधात वेळ घालवू नका.

सुरू करण्याआधी रक्तदाब, नाडी आणि वजन मोजलं जायला हवं. स्वतःचा हृदयविकार, घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू, काचबिंदू, पूर्वी येऊन गेलेला उन्मादाचा झटका, गरोदरपणाचा विचार, चालू असलेली इतर औषधं (नैराश्यावरची तर नक्कीच) हे सगळं न विचारताही सांगा.

मिथिलफेनिडेटने भूक मरते, म्हणून गोळीच्या आधी पोटभर नाश्ता. पोहे खाऊन मग गोळी, उलट नको. शेवटची साधी गोळी दुपारी चारच्या आत, नाहीतर रात्री दीडपर्यंत छताकडे बघणं आलं. गोळी उतरताना तासभर चिडचिड होऊ शकते. त्या तासात घरातले हिशेब किंवा वादाचे विषय काढू नयेत. चहा-कॉफीचे कप पहिले दोन आठवडे निम्मे करा. धडधड गोळीची की कॉफीची, हे तेव्हाच कळेल. ॲटोमॉक्सेटिनने मळमळतं, ते जेवणानंतर घेतल्याने कमी होतं. पुरुषांना लघवी सुरू व्हायला वेळ लागू शकतो. डोळे पिवळे दिसणं किंवा मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येणं, यांपैकी काही झालं तर लगेच डॉक्टरांना गाठा. असे विचार केव्हाही आले तरी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि तिथं मराठीतून बोलता येतं.

आता गोळी मिळवण्याची कसरत. मिथिलफेनिडेट 'शेड्यूल एक्स'मध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या सरकारी यादीत येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदार ठेवून घेतो. त्याच्याकडे वेगळा परवाना लागतो, त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानात ते नसतंच. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार व्हिडिओ कॉलवर ते लिहूनही देता येत नाही, म्हणजे तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला प्रत्यक्ष चकरा आल्या. विसरभोळ्या माणसाच्या औषधालाच सर्वांत जास्त कागदपत्रं लागावीत, हा विनोद सरकारने मुद्दाम केलेला नसावा. उपाय : कुठलं दुकान ठेवतं ते डॉक्टरांकडूनच लिहून घ्या, आणि ७ गोळ्या उरल्या की त्याच दिवशी निघा. पाकिटातल्या शेवटून सातव्या गोळीवर मार्करने फुली मारून ठेवा. परदेशी जाताना मूळ चिठ्ठी जवळ हवीच. दुबई-अबुधाबीसारख्या ठिकाणी अशा औषधांसाठी आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते.

गोळीने लक्ष लावता येतं. ते कशावर लावायचं, हे गोळी ठरवत नाही. सकाळी नऊला घेतलेली गोळी तितक्याच एकाग्रतेने रील्सही बघायला लावते. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत कामाच्या खुर्चीवर बसलेलं असणं, हा अर्धा उपचार आहे.

आठवण डोक्यात ठेवू नका, जागेवर ठेवा

इथं बहुतेक जण चुकतात. अडचण माहितीची नसते, ती ऐन वेळी हाताशी नसण्याची असते. म्हणून आणखी लेख वाचून, आणखी शपथा घेऊन फरक पडत नाही. जिथं कृती करायची त्या ठिकाणी आणि त्या क्षणी आठवण समोर उभी राहिली पाहिजे.

चावीचा खिळा चपला काढतो तिथून हात पोहोचेल इतक्या अंतरावर हवा. दोन पावलं आत असला तरी चावी सोफ्यावर जाते. डबा फ्रिजमध्ये असेल तर गाडीची चावी त्या डब्यावरच ठेवा. डबा घेतल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही. गोळ्या औषधाच्या कपाटात नकोत, चहापावडरच्या डब्याला चिकटवून ठेवा (घरात लहान मुलं असतील तर त्यांच्या हाताला येणार नाही अशा फळीवर). झाकलेलं कपाट म्हणजे या मेंदूसाठी विस्मरणाची विहीर. पारदर्शक डबे, उघड्या फळ्या घ्या आणि घर जरा पसारेदार दिसलं तर दिसू द्या. चार्जर, कात्री, वाचायचा चष्मा दोन-दोन घ्या.

गॅसवर दूध ठेवून स्वयंपाकघराबाहेर जावंच लागलं तर पळी हातात घेऊन जा. हातात पळी असलेला माणूस फार वेळ टीव्हीसमोर उभा राहत नाही.

अलार्मला नाव नको, आज्ञा लिहा. 'बिल' असं लिहिलं की तो बंद करून पुन्हा झोपता येतं. 'महावितरणचं ॲप उघड, आत्ताच भर' असं लिहा, आणि तो अशा वेळी लावा जेव्हा ते खरंच करता येईल. सकाळी नऊला, गाडी चालवत असताना वाजणारा बिलाचा अलार्म निरुपयोगी. काम होईपर्यंत पुढे ढकला, पण बंद करू नका.

एकच वही किंवा मोबाइलमधली एकच नोंद. चार ॲप्स, पिवळ्या चिठ्ठ्या आणि तळहात अशी सहा ठिकाणं असली की सातवं ठिकाण शोधावं लागतं.

वेळ मोजायची, अंदाज करायचा नाही

'पाच मिनिटांत निघतो' हे खोटं नसतं. त्या क्षणी ते खरंच तसं वाटतं. आठवडाभर पाच नेहमीची कामं घड्याळ लावून मोजा : अंघोळ, नाश्ता, निघण्याची झटापट, ऑफिसचा मेल, भाजी आणणं. आलेले आकडे न्हाणीघराच्या दाराला चिकटवा. काट्यांचं घड्याळ तिथंच लावा, कारण वेळ गळते ती बहुधा तिथंच.

मग उलटं मोजा. लोकल ८:४२ ची. स्टेशनपर्यंत चालत १२ मिनिटं, पूल आणि जिना ४, हाताशी २. म्हणजे दाराबाहेर ८:२४. चावी, बाटली, लिफ्ट, विसरलेलं पाकीट यांची १० मिनिटं धरली की ८:१४. अलार्म दोनच : ८:१४ ला 'हातातलं टाक, बूट घाल' आणि ८:२४ ला 'बाहेर'. ८:१४ नंतर 'जाता जाता एवढं करून घेतो' यावर बंदी. उशिराचं मूळ तिथं आहे.

काम सुरू कसं करायचं

यादीत 'रिपोर्ट' असं लिहू नका. तो डोंगर आहे, त्याला हात कुठून लावायचा ते कळत नाही. 'लॅपटॉप उघडून फाइलला नाव दे' असं लिहा. इतकं क्षुल्लक, की टाळायला लाज वाटेल. दिवसाला तीनच कामं लिहा; चौथं सुचलं तर ते उद्याच्या पानावर. २५ मिनिटांच्या टायमरचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण सुरुवातीला १० पुरे. आणि तंद्री लागली असेल तर घंटा वाजली म्हणून ती मोडू नका.

सर्वांत हमखास उपाय म्हणजे शेजारी दुसरं माणूस. त्याने मदत करायची नाही, फक्त आपलं काम करत बसायचं. घरी कुणी नसेल तर मित्राबरोबर व्हिडिओ कॉल लावून दोघांनी गप्प काम करा. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका महाराष्ट्रात तालुक्यालाही सापडतात. महिना भरून तिथली एक खुर्ची घ्या. आसपासचे तीस जण मान खाली घालून बसलेले असतात, तो दबाव फुकट मिळतो.

पैसा, गाडी, ऑफिस

विसरण्याचा कर खराखुरा असतो. आयकर विवरणपत्र सहसा ३१ जुलैपर्यंत भरायचं असतं, हुकलं की ५ हजारांपर्यंत शुल्क लागतं. जूनमध्येच सीएला कागद पाठवण्याची तारीख ठरवा आणि त्यालाच पाठपुरावा करायला सांगा. वीज, फोन, विमा, कर्जाचे हप्ते यांना ऑटो-पे लावा. १५ हजारांपर्यंतच्या बहुतेक आवर्ती व्यवहारांना दर वेळी ओटीपी लागत नाही आणि पैसे कापण्याआधी सूचना येते. पगाराच्या खात्यातून दर सोमवारी ठरावीक रक्कम खर्चाच्या दुसऱ्या खात्यात वळवा आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडा. खरेदीच्या ॲपमधून कार्ड काढून टाका. सोळा आकडे टाइप करायचा कंटाळा इथं आपल्या बाजूने काम करतो.

गाडी चालवताना मोबाइल डिकीत. खिशात नको, समोरच्या स्टँडवर तर नकोच.

ऑफिसात निदान जाहीर करण्याची घाई करू नये. मागणी कामाच्या भाषेत करता येते : 'तोंडी सांगितलेलं मी दोन ओळींत मेल करते, बरोबर आहे का बघा', 'अंतिम तारखेआधी मध्ये एक कच्चा मसुदा दाखवू का?' बहुतेक साहेबांना यात शिस्त दिसते, आजार दिसत नाही.

घरच्यांशी

जोडीदार पोलीस झाला की नातं बिघडतं. आईबापांपैकी एक झाला की आणखीच. रविवारी सकाळी चहाबरोबर वीस मिनिटं बसा, आठवड्याची कामं कागदावर वाटून घ्या आणि अधल्यामधल्या आठवणी बंद. दुसऱ्या खोलीतून ओरडून सांगितलेलं काम 'सांगितलं' असं धरायचं नाही, हा नियम दोन्ही बाजूंनी पाळा. वाद पेटला तर 'पंधरा मिनिटांनी बोलू' म्हणून उठा आणि पंधरा मिनिटांचा टायमर खरोखर लावा, कारण परत बोलायला यायचंही विसरलं जातं, आणि समोरच्याला ते टाळाटाळ वाटते.

प्रौढांच्या एडीएचडीसाठी बेतलेली सीबीटी थेरपी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी) यातली बरीच कौशल्यं सरावाने पक्की करते. थेरपिस्टला पहिल्याच भेटीत विचारा, 'दर आठवड्याला गृहपाठ देणार का?' नुसत्या गप्पांनी मन हलकं होतं, बिलं भरली जात नाहीत.

पद्धत मोडते तेव्हा

मोडणारच. नवी डायरी, नवं ॲप, भिंतीवरचा फळा हे सगळं नवलाई असेतो चालतं. दिवाळीची सुट्टी, एक ताप, एक लग्न आणि साखळी तुटते. मग लाज वाटून डायरी उघडलीच जात नाही, आणि खरं नुकसान ती लाजच करते. म्हणून डायरीच्या शेवटच्या पानावर आजच लिहून ठेवा : 'मागचं भरून काढायचं नाही. आजची तारीख टाक. एकच काम लिही. गोळी घेतली का बघ. रात्री अकराला दिवा.' रंग, वही, ॲप बदलावंसं वाटलं तर खुशाल बदला, चावीचा खिळा मात्र हलवू नका.